न मारणारा बाप आणि बूटही न काढलेला मी

ओसरी | रविवार, रात्री ११:४०

शुक्रवारी संध्याकाळी मी माझ्या मुलाच्या थोबाडीत मारली. वय वर्षं नऊ. धागा तरीही साहित्य विभागातच टाकतोय, कारण बोलायचंय ते एका कादंबरीतल्या बापाबद्दल. जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

झालं ते असं. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. बॉल त्यांच्या बाल्कनीत गेला की गेला. फारच डोकं फिरलं तर विळीवर त्याची दोन भकलं करून जिन्याच्या पहिल्या पायरीवर मांडतात, पोरांना दिसतील अशी. शुक्रवारी त्यांच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांतली हवा कुणीतरी सोडली. मी गेटातून आत शिरतोय तोच वॉचमन म्हणाला, साहेब, तुमच्याच चिरंजीवांचं काम. वर गेलो, बूटही काढले नव्हते. विचारलं, "तू केलंस?" तो म्हणाला, "हो, पण बाबा..." त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.

रात्री झोप येईना म्हणून कॉलेजात असताना घेतलेलं 'टू किल अ मॉकिंगबर्ड' कपाटातून काढलं. हार्पर ली यांची १९६० सालची कादंबरी, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. १९६२ चा ग्रेगरी पेकचा सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ज्यांनी नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या दक्षिणेकडलं अलाबामा राज्य, तिथलं मेकम नावाचं गाव, १९३३ च्या आसपासचे मंदीचे दिवस. ॲटिकस फिंच हा वकील, बायको वारलेली, पदरी दोन मुलं. जेम दहाच्या घरातला आणि स्काऊट सहाची, तीच गोष्ट सांगते. टॉम रॉबिन्सन नावाच्या काळ्या माणसावर बलात्काराचा खोटा आळ येतो, ॲटिकस त्याच्या बाजूने उभा राहतो आणि गाव उलटतं. खटला सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला या खेपेला खटला बाजूला ठेवून नुसतं घर वाचायचं होतं.

ॲटिकस मुलांना मारत नाही. एका रात्री जेमची पँट शेजाऱ्याच्या कुंपणाच्या तारेत अडकून राहते. ती आणायला तो अंधारात परत निघतो, तिकडे बंदूक घेऊन माणूस जागा आहे हे ठाऊक असताना. बहीण विनवते की जाऊ नकोस, फार तर मार बसेल. त्यावर तो म्हणतो, मला आठवतंय तेव्हापासून ॲटिकसने माझ्यावर हात उचललेला नाही, आणि मला ते तसंच राहू द्यायचंय. मार बसेल म्हणून घाबरणारी पोरं मला माहीत आहेत, मीही त्यातलाच. कधीच न बसलेल्या मारासाठी बंदुकीसमोर जाणारं पोर मात्र मला नवीन होतं. पहिल्या वाचनात हे मी कसं काय ओलांडून गेलो कोण जाणे. तेव्हा मी कुणाचा बाप नव्हतो, एवढंच कारण असेल.

माझी खरी चपराक पुढे होती. नाताळात ॲटिकसचा धाकटा भाऊ जॅक येतो. नात्यातल्या फ्रान्सिस नावाच्या पोराला स्काऊट दातांवर ठोसा मारते आणि जॅक काका तिला धरून झोडपतो. घरी आल्यावर ती त्याला शांतपणे सुनावते की तू माझी बाजू ऐकूनच घेतली नाहीस. मी आणि जेम भांडलो तर ॲटिकस एकट्या जेमचं ऐकत नाही, माझंही ऐकतो. मग कळतं की फ्रान्सिसने तिच्या बापाला काळ्यांची बाजू घेतो म्हणून घाणेरडं नाव ठेवलं होतं. काका ओशाळतो. आणि ही पोर त्याला गळ घालते की बाबांना हे सांगू नकोस, असल्या बोलण्यावरून भांडणार नाही असं मी त्यांना कबूल केलंय.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात स्वतःला ॲटिकस समजत होतो. निघालो जॅक काका.

तुम्ही वाचलेले बाप कसे वळण लावतात, लिहा.

वाळवण | रविवार, रात्री १२:१०

+१. आमचीही झोप उडवलीत. सकाळी सविस्तर लिहिते.

जुनापुराणा | सोमवार, सकाळी ६:१५

लेखन प्रामाणिक आहे म्हणून प्रतिसाद देतो. आमच्या वडिलांनी कमरेचा पट्टा काढला की वाड्यातली कुत्रीसुद्धा ओट्याखाली जायची. चार भावंडं आम्ही, चौघंही मार्गी लागलो. दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडणाऱ्या पोराला एक ठेवून दिली तर त्यात एवढं रात्र जागण्यासारखं काय आहे? कादंबरीतला बाप लेखिकेने घडवलेला असतो, त्याची पोरंही तिनेच घडवलेली असतात. माझ्या हाती असली आयती पोरं द्या, मीही कधी हात उगारणार नाही.

बाभूळबन | सोमवार, सकाळी ९:०२

जुनापुराणा काका, पोरं आयती मुळीच नाहीत. स्काऊट शाळेच्या पहिल्याच दिवशी एकाचं नाक मातीत घासते.

मला मात्र धागाकर्त्यांशी वेगळ्याच मुद्द्यावर भांडायचंय. तुम्ही 'मारत नाही' यावरच अडकलात. मारत नाही म्हणजे सोडून देतो असं नव्हे. मिसेस ड्यूबोजचं प्रकरण आठवा. ती म्हातारी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला घालूनपाडून बोलते. एक दिवस ती ॲटिकसबद्दल बोलते आणि जेमचं डोकं सटकतं. स्काऊटची नवी काठी घेऊन तो म्हातारीच्या अंगणातल्या कॅमेलियाच्या झुडपांचे शेंडे छाटतो, एकही झुडूप शाबूत ठेवत नाही. वर काठीही गुडघ्यावर मोडतो. ॲटिकस संध्याकाळी येतो तेव्हा त्याच्या एका हातात ती मोडकी काठी असते आणि दुसऱ्या हातात कळ्या. तो आवाज चढवत नाही. पोराला म्हणतो, जा, आत्ताच्या आत्ता तिच्याशी बोलून ये.

माफी मागून सुटका झाली असती तर मीही म्हटलं असतं की गुळमुळीत बाप आहे. पण म्हातारी सांगते की या पोराने रोज शाळा सुटल्यावर आणि शनिवारी येऊन दोन तास मला वाचून दाखवायचं, महिनाभर. जेम घरी येऊन कुरकुरतो, तिथे अंधार आहे, भीती वाटते, छतावर कसलीतरी सरपटणारी सावली दिसते. बाप म्हणतो, मग महिनाभर जायचंच. वाचताना त्या तिरसट बाईला मध्येच झटके येतात, तोंडातून लाळ गळते, आणि गजराचं घड्याळ वाजलं की मुलांची सुटका होते. घड्याळ रोज थोडं उशिरा वाजतं. महिना संपतो, म्हातारी आणखी एक आठवडा मागते, ॲटिकस तोही देतो. ती मेल्यावर कळतं की तिला दुखण्यावर घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागलं होतं, मरण्याआधी त्यातून सुटायचं होतं आणि ते घड्याळ म्हणजे दोन डोसांमधलं वाढत जाणारं अंतर होतं.

आता सांगा, चार फटके आणि हे, यातलं जेमने काय निवडलं असतं? मी तर डोळे मिटून फटके घेतले असते. फटका खाल्ला की हिशेब मिटतो, पोरगं पुन्हा खेळायला मोकळं. इथे पाच आठवडे रोज त्याच दारात उभं राहायचं, जिच्या झाडांची वाट लावली तिच्याच पायाशी बसायचं.

तिखटमीठ | सोमवार, सकाळी १०:३०

सगळ्यांचं वाचून झालं. ॲटिकसची आरती संपली असेल तर एक विचारू? त्या घरात मुलांना मारतं कोण?

कॅल्पर्निया. स्वयंपाकीण. काळी बाई. तिच्या हाताचा तडाखा कसा बसतो हे स्काऊट कादंबरीच्या सुरुवातीलाच सांगून टाकते. वॉल्टर कनिंगहॅम हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेवायला येतो आणि भाजी-मटणावर पाक ओतून घेतो, स्काऊट त्याला सगळ्यांसमोर विचारते की हे काय करतोयस. तो बिचारा लाजून ताटलीवर मान घालतो. तेव्हा ॲटिकस काय करतो? मान हलवतो. कॅल्पर्निया तिला आत बोलावते, घरी आलेला माणूस कुणीही असो तो पाहुणा हे खरमरीत शब्दांत ऐकवते, उरलेलं जेवण स्वयंपाकघरात जेवायला लावते आणि जाताना एक सणसणीत चापटही देते. स्काऊट चिडून बापाकडे मागणी करते की हिला कामावरून काढा. बाप नाही म्हणतो. चांगलंच करतो. पण त्याने स्वतःचा हात स्वच्छ ठेवलाय तो तिच्या हाताच्या जिवावर.

हे मी रोज बघते. आमच्या घरी शाळेचा डबा, नखं, गृहपाठ, मोबाईल, सगळ्याची बोंबाबोंब माझ्याकडे. साडेआठला 'हे' येतात, समजूतदार आवाजात दोन वाक्यं बोलतात आणि पोरांच्या लेखी देवमाणूस ठरतात. ॲटिकसला स्काऊटला मांडीवर घेऊन पेपर वाचून दाखवायला वेळ मिळतो कारण तिच्या कानामागचा मळ दुसरं कुणीतरी काढतं.

बाभूळबन | सोमवार, सकाळी १०:४१

अर्रर्र. हे माझ्या नजरेतून पूर्ण निसटलं होतं.

ओसरी | सोमवार, दुपारी १:२०

तिखटमीठ ताई, बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने नुसतं "हं" केलं आणि कणीक मळायला गेली. ते "हं" अजून कानात आहे.

वाळवण | सोमवार, दुपारी २:०५

सकाळी लिहिते म्हटलं होतं, दुपार झाली.

मला एक मजेशीर योग दिसला. मेकममधली ही गोष्ट घडते ती १९३३ ते १९३५ च्या सुमारास. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली १९३३ च्या फेब्रुवारीत, पुस्तक आलं १९३५ ला. एकीकडे कल्पनेतला बाप, दुसरीकडे आठवणीतली आई, तीच वर्षं. आणि आपली ती माऊली चांगली झोडपते हो! पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला तिने शिंपटीने फोडून काढलंय. मग तो विहिरीत उतरतो, आणि घरी आल्यावर तीच त्याच्या पाठीवरचे वळ बघून कळवळते.

बापाविषयी बोलायचं तर त्याच पुस्तकातलं अळणी भाजीचं प्रकरण घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवायला बसतात, पहिल्या घासाला त्यांच्या ध्यानात येतं, पण चकार शब्द काढत नाहीत, उलट भाजी चांगली झाल्याचं सांगतात. ते बोलत नाहीत म्हणून पोरंही निमूट जेवतात. आई शेवटी पानावर बसते तेव्हा तिला कळतं. भाऊंनी, म्हणजे श्यामच्या वडिलांनी, त्या दिवशी मुलांना एका अक्षराने काही शिकवलेलं नाही. मला तर ॲटिकसच्या सगळ्या भाषणांपेक्षा ती पंगत जास्त आवडते.

आणि ॲटिकसला भाषण द्यायला लावलं की त्याची कशी त्रेधा उडते तेही बघा. त्याची बहीण अलेक्झांड्रा घरी राहायला येते आणि भावाच्या मागे लागते की मुलांना सांग, आपण कुणा ऐऱ्यागैऱ्यांतले नाही, फिंचांचं खानदान आहे, त्याप्रमाणे वागा. तो बिचारा मुलांच्या खोलीत येऊन ते पाठ केल्यासारखं म्हणायला लागतो. स्काऊटला रडू फुटतं, कारण हा आवाज आपल्या बापाचा नाहीच हे तिला समजतं. तो दाराशी जातो, वळतो आणि म्हणतो की जाऊ दे, विसरा ते. कादंबरीतलं माझं सर्वांत लाडकं पान तेच. आपणही सासूबाईंच्या, शेजारणीच्या, शाळेच्या ग्रुपच्या सांगण्यावरून मुलांना कितीदा असं उसन्या आवाजात बोलतो! वळून 'विसरा ते' म्हणायचं तेवढं जमत नाही.

जुनापुराणा | सोमवार, दुपारी ४:५०

अळणी भाजीची आठवण काढलीत, बरं वाटलं. आमच्या शाळेत तो धडा वाचताना गुरुजींच्या हातात छडी होती, हेही जाता जाता नोंदवतो.

कातरवेळ | सोमवार, रात्री ८:३०

मी तालुका कोर्टात वकिली करतो, त्यामुळे या माणसाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

दोन्ही बाजू ऐकणं हा काही त्याचा मोठेपणा नाही, ती धंद्याची सवय आहे. समोरच्याला बाजू मांडायची संधी न देता केलेला हुकूम वरच्या कोर्टात टिकत नाही, आणि स्काऊट जॅक काकाला नेमकं तेच ऐकवते. सहा-सात वर्षांच्या पोरीने नैसर्गिक न्याय कुठून उचलला? घरातून.

पण त्याच सवयीची दुसरी बाजूही आहे. रस्त्यावर पलीकडच्या एका घरात कोंडून राहिलेल्या बू रॅडलीच्या आयुष्यावर मुलं नाटक करून खेळत असतात. ॲटिकस त्यांना पकडतो आणि सरळ विचारतच नाही. बोलता बोलता म्हणतो, कुणाची टवाळी करत असाल तर बंद करा. जेम घाईने बोलून जातो की आम्ही त्याची टवाळी करत नव्हतो. संपलं. 'त्याची' म्हटल्याबरोबर कबुली झाली. वर बाप ऐकवतो, तुला वकील व्हायचंय ना? पोरगं मागाहून चरफडतं की आपण वकिलांच्या सर्वांत जुन्या डावाला फसलो. मलाही हसू आलं, पण घरी माझ्या मुलीवर मी हा प्रकार दोन-तीनदा केलाय आणि ती आता माझ्याशी बोलताना शब्द मोजून वापरते. साक्षीदार झालीये ती. ओसरी, मुलाला 'पण'च्या पुढचं जरूर विचारा. फक्त उलटतपासणी घेऊ नका.

बाभूळबन | सोमवार, रात्री ९:१५

बू रॅडलीचा विषय निघालाच आहे तर. या पुस्तकातल्या शिस्तीचा सगळ्यात भयानक नमुना ॲटिकसच्या रस्त्यावरच राहतो, त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. आर्थर रॅडली, म्हणजे बू, तरुणपणी टवाळ पोरांच्या नादी लागतो. एके रात्री ही टोळी कोर्टाच्या म्हाताऱ्या शिपायाला संडासात कोंडते. न्यायाधीश सगळ्यांना सुधारशाळेत पाठवायचं ठरवतात. ती शाळा खरं तर बरी असते. जी पोरं गेली ती शिकून आली, एक तर इंजिनिअरिंगपर्यंत पोचला. बूच्या बापाला ती बेअब्रू वाटली. त्याने शब्द दिला की माझा मुलगा पुन्हा त्रास देणार नाही, त्याला माझ्या ताब्यात द्या. न्यायाधीशांनी दिला. बापाने शब्द पाळला. पंधरा वर्षं त्या पोराला कुणी पाहिलं नाही.

मारल्याचा कुठे उल्लेख नाही, ओरडल्याचाही नाही. देवभीरू, निर्व्यसनी, गावात मान असलेला बाप. जुनापुराणा काका, तुमचा पट्टा परवडला.

जुनापुराणा | सोमवार, रात्री ९:४०

हे मान्य. आमचे वडील मारायचे आणि अर्ध्या तासाने हाक मारून ताटात स्वतःच्या वाटची पुरणपोळी टाकायचे. कोंडलं कधी नाही.

सुपारीएवढं | सोमवार, रात्री १०:०२

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकण्यात आला)

सुपारीएवढं | सोमवार, रात्री १०:०६

दोनदा पडला होता. म्हणत होतो की 'दंगल'मधल्या बापाचं नाव कसं कुणी घेतलं नाही? पोरींचे केस कापतो, पहाटे उठवतो, आणि पदक आणतो.

तिखटमीठ | सोमवार, रात्री १०:१५

पदक आलं म्हणून तो बाप बरोबर ठरला. ज्यांच्या पोरींना पदक मिळालं नाही त्या बापांवर सिनेमा निघत नाही.

मोहोर | मंगळवार, पहाटे ५:२५

इथे संध्याकाळ आहे. मी गेली बरीच वर्षं अलाबामातच राहते, बर्मिंगहॅमला. हार्पर लींचं गाव मन्रोव्हिल इथून गाडीने जाऊन येण्यासारखं आहे. तिथलं जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे. वर ती गॅलरी आहे जिथे काळ्या लोकांनी बसायचं आणि जिथे कादंबरीतली मुलं चोरून बसतात. सिनेमातलं कोर्ट याच इमारतीबरहुकूम स्टुडिओत उभारलं होतं. लींचे वडीलही याच गावात वकील होते, ॲटिकस बराचसा त्यांच्यावरूनच उतरलाय. मी गॅलरीत उभी राहून खाली पाहिलं तर वकिलाची जागा इतकी जवळ दिसली की बापाच्या कपाळावरचा घामही मुलांना दिसला असेल.

कोर्टात मुलं सापडतात तेव्हा ॲटिकस त्यांना आधी घरी पिटाळतो. मग जेम फार मागे लागतो म्हणून म्हणतो की जेवून या, निकाल ऐकायला बसा. अलेक्झांड्रा आत्याला ते मुळीच पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. निकाल 'दोषी' लागणार हे त्याला माहीत असतं! जेम त्यानंतर कितीतरी दिवस कोर्टाचं नावही ऐकून घेत नाही. मुलांना सत्य दाखवावं हे ठीक, पण किती आणि कधी?

दुसरं म्हणजे ॲटिकस चुकतो. टॉमवर आळ घेणाऱ्या मुलीचा बाप बॉब यूएल त्याच्या तोंडावर थुंकतो, धमकी देतो आणि हा म्हणतो की त्याला राग काढायचा होता, निघाला, आपल्यावर निघाला ते बरं, त्याच्या पोरांवर निघाला नाही. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघावं ही त्याची मुलांना दिलेली मोठी शिकवण. पण त्या माणसाच्या जागी उभं राहून त्याला काहीच दिसलं नाही. शेवटी अंधारात सुरीचा वार त्याच्या मुलांवर होतो, जेमचा हात मोडतो. वाचवतो कोण? बापाने कोंडलेला बू.

आणि २०१५ ला आलेलं 'गो सेट अ वॉचमन' कुणी वाचलं का? लिहिलं होतं आधीच, छापलं गेलं पन्नासहून अधिक वर्षांनी. त्यात स्काऊट सव्वीस वर्षांची आहे, न्यूयॉर्कहून सुट्टीला येते आणि म्हातारा ॲटिकस तिला गोऱ्यांचं वर्चस्व टिकवायला निघालेल्या मंडळींच्या बैठकीत बसलेला दिसतो. तिच्या पोटात ढवळून येतं. भांडून ती बॅग भरते. तेव्हा तिला कोण अडवतं माहीत आहे? तोच जॅक काका. आणि कसं? तोंडावर फाडकन मारून, रक्त येईपर्यंत. मग समजावतो की तू बापाला माणूस न समजता देव समजत आलीस. धाग्याचं शीर्षक वाचून मला तेच आठवलं. वीस वर्षांत काका काही शिकला नाही.

कातरवेळ | मंगळवार, सकाळी ८:५०

मोहोर, वाचनखूण साठवली. मी मात्र दुसरं पुस्तक पहिल्याला जोडून वाचत नाही. तो कच्चा खर्डा होता, त्यातूनच पुढे पहिलं घडलं.

वाळवण | मंगळवार, सकाळी ११:१०

खर्डा असो की काही. घरातला हात कुठल्या पिढीपर्यंत पोचतो ते दिसलं.

शेवटाकडचा एक प्रसंग राहिलाच. यूएल मेलाय आणि ॲटिकसची समजूत झाली आहे की जेमच्या हातून मेला. शेरीफ हेक टेट म्हणतो, तो स्वतःच्याच सुरीवर पडला, विषय संपवा. कुठलाही बाप हात जोडून हो म्हणेल. हा म्हणतो नाही, पोराचं प्रकरण दाबायचं नाही. दाबलं तर इतकी वर्षं मी त्याला जसं वाढवलं ते सगळं खोटं ठरेल, आणि मग मला त्याच्या डोळ्याला डोळा देता येणार नाही. शेरीफ खरं तर बूला वाचवत असतो हे त्याला फार उशिरा उमगतं. मग तो गप्प होतो आणि खोटं मान्य करतो. स्वतःच्या पोरासाठी जे केलं नसतं ते शेजाऱ्यासाठी करतो.

तिखटमीठ | मंगळवार, सकाळी ११:३०

हे आवडलं. कॅल्पर्नियाबद्दलचं म्हणणं मागे घेत नाही, पण हे आवडलं.

आणि टॉम रॉबिन्सनलाही तीन मुलं आहेत. तो त्यांना कसं वळण लावायचा हे अख्ख्या पुस्तकात आपल्याला कुठेच कळत नाही.

ओसरी | बुधवार, रात्री १०:५०

मंडळी, इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. घरचं राहिलंय तेवढं सांगतो.

काल रात्री गच्चीवर मुलाला विचारलं, शुक्रवारी तुझं बोलणं अर्धं राहिलं होतं, काय म्हणत होतास? कातरवेळ, तुमची आठवण ठेवून दुसरा प्रश्न विचारला नाही. बराच वेळ तो पाण्याच्या टाकीचं झाकण खालीवर करत बसला. मग बोलला. कापलेला बॉल त्याचा नव्हताच. खालच्या विंगमधल्या पाच वर्षांच्या पोराचा, वाढदिवसाला मिळालेला, पहिल्याच दिवशी गेला. ते पोरगं दोन्ही भकलं हातात घेऊन ती एकमेकांना लावून बघत होतं. "म्हणून मी पुढच्या चाकातली सोडली," तो म्हणाला. मागच्या? "ती मी नाही. कुणी ते नाही सांगणार."

मी विचारलं नाही. विचारायची फार इच्छा झाली होती.

म्हटलं, मारलं ते माझं चुकलं, न ऐकताच मारलं. हवा सोडलीस ते तुझं, उद्या आजोबांकडे जायचं. तो म्हणाला, तुम्ही पण येणार? हो म्हटलं. ॲटिकसने जेमला एकट्याला धाडलं होतं हे मला माहीत आहे, पण मी दारापर्यंत गेलो, माझ्याच्याने राहवलं नाही.

आजोबांनी जाळीच्या दाराआडून ऐकून घेतलं. बरं-वाईट काही बोलले नाहीत. म्हणाले, "पंप आहे का तुमच्याकडे?" वॉचमनकडून पायाने मारायचा पंप आणला. आजोबांनी आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून स्कूटरसमोर मांडली आणि बसले. नऊ वर्षांच्या पोराचं वजन ते किती, पंपावर दोन्ही पायांनी उडी मारावी लागत होती. शंभरेक दाबांनंतर तो थांबला की आजोबा वाकून अंगठ्याने टायर दाबायचे आणि म्हणायचे, "अजून." पुढचं चाक झालं. मागच्याकडे वळताना पोराने माझ्याकडे पाहिलं. ते त्याचं नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्याने नळी मागच्या चाकाला लावली.

मग मी चपला काढल्या आणि पंपावर अर्धे दाब मी मारले.

तिखटमीठ | बुधवार, रात्री ११:०५

आणि त्या छोट्याचा बॉल? आजोबा काही बोलले?

ओसरी | बुधवार, रात्री ११:०९

नाही. जाताना म्हणाले, टायरला हवा जरा जास्तच झालीये.